टेलिग्राफ अवेन्यूची माणसं: 'हिप्पी', 'प्रतिसंस्कृती' की आणखी काही?

फोंड्याहून (प्रश्न)

नमस्कार. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी बर्कलीच्या टेलिग्राफ अवेन्यूवर लेख लिहिते आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दाराशी सुरू होऊन शेजारच्या ओकलंड शहरात जाणारा हा रस्ता. साठच्या दशकातली विद्यार्थ्यांची आंदोलनं, पुस्तकांची दुकानं, फुटपाथवर स्वतः घडवलेले दागिने आणि रंगवलेले सदरे विकणारे, तिथंच झोपणारे, सगळं या एका रस्त्यावर. मी दोन शब्दांवर अडले आहे. 'काउंटरकल्चर', म्हणजे समाजाच्या रूढ चालीरीती नाकारणारी जीवनरीत, तिच्यासाठी 'प्रतिसंस्कृती' लिहिलं, तर संपादक मॅडम म्हणतात, हा शब्द परीक्षेच्या पेपरातला वाटतो, सरळ 'हिप्पी संस्कृती' लिही, गोव्यात सगळ्यांना कळतं. आणि 'स्ट्रीट पीपल'ना काय म्हणू? 'रस्त्यावरचे लोक' म्हटलं की भिकारी डोळ्यांसमोर येतात.

म्हापशाहून

'हिप्पी' अजिबात नको. सगळ्यांना कळतं हे खरं, पण भलतंच कळतं. आम्हा बार्देशकरांच्या लेखी हिप्पी म्हणजे साठच्या दशकाच्या शेवटी कळंगुटला आणि मग हणजूणला येऊन राहिलेला परदेशी माणूस. हणजूणचा बुधवारचा बाजार त्याच मंडळींनी सुरू केला, जवळच्या वस्तू विकून मुक्काम लांबवायला. त्यांचं भांडण असलंच तर मागं सोडून आलेल्या घराशी होतं, इथल्या सरकारशी नव्हतं. घरातही 'हिप्प्यासारखे केस वाढवू नकोस' एवढ्यापुरताच हा शब्द उरला आहे. 'हिप्पी कट' तर मुंबई-पुण्याच्या न्हाव्यांनाही माहीत होता. म्हणजे मराठीत या शब्दाचा अर्थ केस आणि कपड्यांपाशीच थांबतो.

बर्कलीचं तसं नाही. १९६४ च्या आंदोलनाची छायाचित्रं बघा. पुष्कळ मुलगे चक्क कोट-टायमध्ये आहेत. त्यांना हिप्पी म्हणणार का?

डिचोलीहून

म्हापसेकरांशी सहमत. ताई, मला वाटतं तुमची अडचण शब्दाची कमी आणि एकाच शब्दात सगळा रस्ता कोंबण्याची जास्त आहे.

आधी आंदोलन घ्या. टेलिग्राफ अवेन्यू विद्यापीठाला मिळते तिथं २६ फुटांची विटांची पट्टी होती. ती नगरपालिकेची जागा आहे अशी सगळ्यांची समजूत. त्यामुळं विद्यार्थी तिथं टेबल मांडून पत्रकं वाटायचे, वर्गणी गोळा करायचे. सप्टेंबर १९६४ मध्ये विद्यापीठानं त्याला मनाई केली. १ ऑक्टोबरला टेबलापाशी बसलेल्या जॅक वाइनबर्ग या कार्यकर्त्याला पोलिसांनी गाडीत घातलं आणि मुलांनी त्या गाडीला गराडा घातला. गाडी ३२ तास जागची हलली नाही. तिच्या टपावर चढून एकेकानं भाषण केलं, आणि टपाला पोचे पडू नयेत म्हणून चढण्याआधी बूट काढून ठेवले! या मुलांसाठी आपल्याकडं पक्का वाक्प्रचार आहे: ती 'रस्त्यावर उतरली'. सत्तरच्या दशकाच्या शेवटी बसच्या अर्ध्या तिकिटासाठी गोव्यातले विद्यार्थी रस्त्यावर उतरले तेव्हा आपण हेच म्हणत होतो.

आता क्रियापद बदला. 'रस्त्यावर आला' म्हटलं की घर गेलं, धंदा बुडाला. 'रस्त्यावर पडलाय' म्हटलं की विचारणारं कुणी नाही. रस्ता तोच, पण उतरणारा मानानं उतरतो आणि येणाऱ्याला आणलेलं असतं. टेलिग्राफवर साठच्या दशकाच्या शेवटी हे दोन्ही लोक एकाच फुटपाथवर बसलेले होते, आणि तिसरेही होते: घर सोडून, ठरवून रस्त्यावर राहायला आलेले. या तिसऱ्यांसाठी आपल्याकडं तयार शब्द नाही. 'भटके' लिहू नका. मराठीत त्या शब्दामागं भटक्या-विमुक्तांचा सगळा इतिहास उभा आहे, तो परक्या पोरांना उसना देऊ नये. मी 'रस्त्यालाच घर मानणारे' असं सरळ लिहीन. चार शब्द जास्त गेले तरी चालतील.

दागिनेवाल्यांना 'फेरीवाले'ही नको. फेरीवाला फिरतो, हे जागा धरून बसणारे. 'पथारीवाले' जवळचा.

राहिला 'प्रतिसंस्कृती'. तो ठेवा, पण लेखात एकदाच, जिथं विचार मांडता तिथं. वर्णन करताना मात्र जी गोष्ट असेल तिचं नाव घ्या.

पणजीहून

छोटीशी भर. १९६४ च्या त्या आंदोलनाला, म्हणजे 'फ्री स्पीच मूव्हमेंट'ला, 'अभिव्यक्तिस्वातंत्र्य चळवळ' लिहू नका, त्यात चित्रं, नाटकं, सगळंच येतं. तिथं मुद्दा टेबल मांडण्याचा आणि सभा घेण्याचा होता. 'भाषणस्वातंत्र्य' बरोबर बसतं. आपल्याला हा फरक वेगळा शिकवायला नको. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले ते सभाबंदी मोडूनच, आणि पणजीत त्या तारखेच्या नावाचा रस्ता आपण रोज तुडवतो.

म्हापशाहून

आणि शब्द जसाच्या तसा घेण्यात कमीपणा मानू नका. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी १९६६ मध्ये ओकलंडला कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी ब्लॅक पँथर पक्ष काढला, म्हणजे याच टेलिग्राफ अवेन्यूच्या दुसऱ्या टोकाच्या शहरात. सुरुवातीचा पैसा त्यांनी बर्कलीच्या विद्यार्थ्यांना माओची लाल पुस्तकं विकून उभा केला. सहा वर्षांत, १९७२ ला, मुंबईत दलित पँथर उभी राहिली. कुणी 'दलित चित्ता' म्हटलं नाही. 'पँथर' मराठी झाला, गावोगाव कार्यकर्ते स्वतःला 'पँथर' म्हणवून घेऊ लागले. ताई, लेखात हे जरूर घ्या. त्या रस्त्याचं आपल्याशी याहून जवळचं नातं दुसरं नाही.

फोंड्याहून

सगळ्यांचे आभार. 'हिप्पी' काढला, मॅडमना कारणही सांगितलं, त्यांना पटलं. पँथरचा परिच्छेद नव्यानं लिहिते. एकच राहिलं: 'पीपल्स पार्क'. 'लोकोद्यान' कसं वाटतं?

डिचोलीहून

'उद्यान' नको. उद्यानाला फाटक असतं, उघडण्या-मिटण्याच्या वेळेची पाटी असते, 'फुले तोडू नयेत' असतं. टेलिग्राफच्या मागं विद्यापीठानं घरं पाडून ठेवलेली चिखलाची जागा होती. तिथं एप्रिल १९६९ मध्ये लोकांनी स्वतः फावडी घेऊन झाडं लावली. १५ मेच्या पहाटे तिला कुंपण घातलं गेलं, दुपारी पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि छतावरून बघत असलेला जेम्स रेक्टर त्या जखमांनी पुढं दगावला. गव्हर्नर रेगननी नॅशनल गार्डचे सैनिक गावात आणले. ज्यांनी लावली त्यांची ती 'बाग'. मी 'लोकांची बाग' लिहीन, आणि पहिल्या उल्लेखात मूळ नाव शेजारी देईन. जानेवारी २०२४ मध्ये विद्यापीठानं त्या जागेभोवती मालवाहू कंटेनर एकावर एक रचून भिंत केली, आत विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह बांधायला. तेवढा भाग लिहिताना 'जागा' म्हणा. झाडं काढलेल्या जमिनीला मला तरी बाग म्हणवत नाही.