चौथीपर्यंतची शाळा सकाळी नऊच्या आत भरू नये: तुमचं मत काय?

मधली_सुट्टी (ठाणे)

८ फेब्रुवारी २०२४ ला शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतरच भरवायचे, मग शाळा कुठल्याही माध्यमाची आणि कुठल्याही व्यवस्थापनाची असो. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही, वेळा बदलायचा विचार करा, असं जाहीर सुचवलं होतं. निर्णयात एक सवलतही आहे: वेळ बदलणं अगदीच अशक्य असेल त्या शाळेने शिक्षणाधिकारी किंवा शिक्षण निरीक्षकांची परवानगी घ्यावी. आमच्या आसपासच्या बऱ्याच शाळा अजूनही सात-सव्वासातलाच भरतात.

मला हा निर्णय मनापासून पटतो. सातची शाळा म्हणजे व्हॅन सव्वासहाला दारात, म्हणजे पोराला पावणेसहाच्या आत उठवायचं. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते. नुसते नऊ तास धरले तरी पावणेनऊला डोळा लागायला हवा. ज्या घरात बाबा साडेआठच्या लोकलने उतरतात, त्या घरात हे रोज कसं जमणार? जानेवारीत तर आमच्याकडे सूर्य उगवायलाच सव्वासात होतात. मूल अंधारात निघतं आणि सूर्योदय वर्गात बसून बघतं.

तुमच्या शाळेची वेळ बदलली का? बदलल्यावर घरात काय फरक पडला? विरोध असेल तर तोही लिहा, पण कारणासकट.

पांढरा_खडू

माझा विरोध आहे. मी प्राथमिकला शिकवते, दोन पाळ्यांच्या शाळेत.

आमच्याकडे प्राथमिकची सकाळपाळी ७.१० ते १२.१०, माध्यमिकची दुपारपाळी १२.४० ते ५.५०. तेच वर्ग, तेच बाक, तीच स्वच्छतागृहं. प्राथमिक नऊला भरवली तर ती सुटायला दोन वाजतात. मग माध्यमिक अडीचला भरणार आणि सुटणार साडेसात-पावणेआठला. आठवी-नववीच्या मुली हिवाळ्यात तेवढ्या रात्री एकट्या घरी जातील, याची जबाबदारी कोण घेणार? चौथीच्या मुलाची झोप मोजताना त्याच्या ताईचाही विचार करायला हवा.

दुसरं, वेळेपेक्षा रात्रीचं बघा. आमच्या वर्गात सगळ्यात जास्त पेंगणारा वार सोमवार. शाळा तर सोमवारीही सातचीच असते आणि बुधवारीही. फरक पडतो तो शनिवार-रविवारच्या रात्रीने. लग्न, हॉटेल, मॅच, मोबाइल. मूल दोन रात्री साडेअकराला झोपतं आणि सोमवारी ते आमच्या पदरात पडतं. शाळा नऊला नेली की ही साडेअकराची झोप रोजची होईल, अशी मला खरी भीती वाटते. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिला आठवडा आम्ही हेच बघतो.

आणि सकाळचे पहिले दोन तास मुलांचं डोकं जितकं ताजं असतं तितकं दुपारी एकला राहत नाही. पत्र्याखालच्या वर्गात मार्चमध्ये एक वाजता पाढे घेऊन बघा.

दोन_डबे

खडूताईंशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. आम्ही दोघंही नोकरीला. हे सव्वासातला निघतात, माझी लोकल ७.४८ ची. मुलाची व्हॅन साडेसहाला येते म्हणून आमचं घर चालतं. शाळा नऊची झाली तर साडेआठला त्याला व्हॅनमध्ये कोण बसवणार? आजी-आजोबा गावाला. शेजारी एक दिवस बघतील, दोन दिवस बघतील. पाळणाघरवाल्या ताई सकाळी घ्यायला तयार नाहीत, त्यांचीही मुलं असतात. ज्यांच्या घरी सकाळी कुणीतरी असतं त्यांना नऊ वाजता सोयीचं वाटणारच.

झोपेचं आम्ही असं बसवलंय. जेवण सातला. आम्ही पोचायच्या आत मुलाचं जेवण झालेलं असतं, सगळ्यांनी एकत्र जेवायचं ते रविवारी. याचं वाईट वाटतं, पण झोप आधी. रात्रीच कणीक मळून फ्रीजमध्ये, भाजी चिरून डब्यात, युनिफॉर्म खुर्चीवर, दप्तर दाराशी. सकाळी फक्त पोळ्या लाटायच्या आणि भाजी फोडणीला टाकायची. यामुळे त्याला उठवायची वेळ वीस मिनिटांनी पुढे गेली. साडेआठला दिवा बंद, आम्ही दोघंही फोन स्वयंपाकघरात ठेवतो.

कोवळं_ऊन

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि नऊच्या बाजूची आहे. मात्र झोपेइतकंच दुसऱ्या एका गोष्टीसाठी, जिच्यावर पालक सभेत कुणी बोलत नाही: मुलांची शी.

सकाळच्या शाळेतली कितीतरी मुलं माझ्याकडे पोटदुखीची तक्रार घेऊन येतात. तपासलं की बद्धकोष्ठ निघतो. पोटात काही गेलं की आतड्याची हालचाल वाढते आणि साधारण पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात कळ येते. पावणेसहाला उठून सव्वासहाला निघणाऱ्या मुलाला हा अर्धा तास मिळतच नाही. ते अर्धा कप दूध उभ्याने पितं, कळ येते ती व्हॅनमध्ये. शाळेतलं स्वच्छतागृह नको वाटतं, म्हणून दाबून धरतं. दाबून धरलं की मळ घट्ट होतो, मग दुखतं, मग भीतीने आणखी धरून ठेवतं. पुढे चड्डीला डाग लागायला लागतात आणि घरचे रागावतात, खरं तर ते मुलाच्या हातात राहिलेलं नसतं. हीच मुलं शाळेत पाणीही कमी पितात, लघवीला जायला नको म्हणून. भरलेली बाटली तशीच घरी येत असेल तर त्याचं कारण मुलाला शांतपणे विचारा.

तेव्हा शाळा सातची असो की नऊची, निघण्याआधी काहीतरी खाणं आणि त्यानंतर दहा मिनिटं निवांत बसणं एवढं जमवाच. पायाखाली छोटं स्टूल द्या, लटकत्या पायांनी मुलाला जोर लावता येत नाही. पहाटे भूक नसेल तर केळं, राजगिऱ्याचा लाडू, भिजवलेले मनुके चालतील. सकाळी जमतच नसेल तर शाळेतून आल्यावर जेवणानंतर रोज त्याच वेळी बसवा. सवय तेव्हाचीही लागते.

आता झोप. झोप कमी पडलेलं लहान मूल जांभया देत बसेलच असं नाही. उलट ते जास्त धावतं, चिडतं, क्षुल्लक गोष्टीवरून रडतं, आणि आपण त्याला खोडकर म्हणतो. झोपायची वेळ अलीकडे आणायची तर एकदम तासाने आणू नका. तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं, अशी सरकवा. उठायची वेळ आधी पक्की करा, रविवारीसुद्धा तासाभरापेक्षा जास्त फरक नको. उठल्यावर गॅलरीत, उजेडात उभं करा.

आणि हे महत्त्वाचं. मूल पुरेसे तास झोपूनही दिवसभर मरगळलेलं असेल, रोज घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, तर शाळेच्या वेळेला दोष देत बसू नका. नाकामागची ग्रंथी किंवा टॉन्सिल वाढलेले असू शकतात. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

वऱ्हाडकर (अकोला)

ही सारी चर्चा मुंबई-पुण्याची चालली आहे. आमच्याकडे जिल्हा परिषदेची शाळा मुळातच दहा-साडेदहाला भरते. तिथे सातची भानगडच नाही. उलट मार्च लागला की आम्हीच सकाळच्या शाळेची वाट पाहतो. एप्रिलमध्ये पारा ४२-४३ वर असताना नऊला भरलेली शाळा एक-दीडला सुटली तर पोरं भर उन्हात, काही तर अनवाणी, घरी येणार. त्या दिवसांत साडेअकराच्या आत मूल घरात पाहिजे.

सूर्याचं म्हणाल तर नागपुरात तो मुंबईपेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो. घड्याळ मात्र एकच. उन्हाळ्यात सकाळची आणि हिवाळ्यात उशिराची, हे ठरवायचं काम गावच्या शाळा व्यवस्थापन समितीकडे द्या.

मधली_सुट्टी (ठाणे)

वऱ्हाडकर दादा, उन्हाळ्याचं शंभर टक्के मान्य. माझा प्रश्न जून ते फेब्रुवारीचा आहे.

खडूताई, तुमचं वेळापत्रक पुन्हा पाहू. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन लागतं. म्हणजे दिवसाला चार तास. नऊला भरवून मधली सुट्टी धरली तरी दीडला शाळा सुटू शकते. दोन वाजायची गरज नाही. पहिली-दुसरीचे वर्ग तर वेगळ्या मजल्यावर असतील तर माध्यमिकला त्यांची वाट पाहायचंही कारण नाही. दुपारपाळी एक वाजून पन्नास मिनिटांनी भरली तर सातला सुटते. सातसुद्धा मला आवडत नाही, पण पावणेआठ आणि सात यांत फरक आहे.

आणि सोमवारचं. सोमवारी मूल पेंगतं ते शनिवार-रविवारच्या रात्रींमुळे, हे खरं. पण घरी जागरण होतं म्हणून पहाटे उठवणं बरोबर कसं ठरतं? ज्या घरांत शिस्त आहे त्यांच्याही मुलांना पावणेसहालाच उठावं लागतं.

पांढरा_खडू

८०० तास हा किमान आकडा आहे, ताई. त्यात परिपाठ, कवायत, स्नेहसंमेलनाची तयारी, आजारपणामुळे मागे पडलेल्या मुलांना पुन्हा शिकवणं हे कुठे बसवायचं? पालक चार तासांचं वेळापत्रक मागतात आणि पालक सभेत चित्रकला नाही, खेळाचा तास नाही म्हणून तक्रारही करतात. वेगळ्या मजल्याचं म्हणाल, तर खालच्या मजल्यावर सत्तर मुलं मधल्या सुट्टीत ओरडत असताना वर दहावीचा वर्ग घ्यावा लागतो. कागदावर जमतं, इमारतीत जमत नाही.

डॉक्टरांचं पाण्याच्या बाटलीबद्दलचं वाचून मात्र मी उद्यापासून दुसऱ्या तासाला सगळ्या वर्गाला एकत्र पाणी प्यायला लावणार आहे.

समुद्रापार (कॅलिफोर्निया)

एक मुद्दा सुटतोय. उशिरा शाळा भरवावी असं म्हणणारं बरंच संशोधन किशोरवयीन मुलांचं आहे, चौथीच्या आतल्यांचं नाही. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, रात्री झोप येण्याची वेळच तास-दोन तासांनी लांबते. म्हणून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये शिफारस केली की माध्यमिक शाळा साडेआठच्या आत भरू नये. आमच्या राज्यात २०१९ मध्ये तसा कायदा झाला, तो जुलै २०२२ पासून लागू आहे: मोठ्या मुलांची शाळा ८.३० च्या आत नाही, मधल्या वर्गांची ८ च्या आत नाही.

सिएटलने २०१६ मध्ये मोठ्यांची शाळा ७.५० वरून ८.४५ ला नेली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या मुलांची झोप रोज सरासरी ३४ मिनिटांनी वाढलेली दिसली. म्हणजे खडूताईंची भीती, की सकाळ पुढे नेली की रात्रही तेवढीच पुढे जाईल, ती तिथे पूर्ण खरी ठरली नाही. पण त्याच वेळी तिथल्या बहुतेक प्राथमिक शाळा आठच्या जरा आधी आणल्या गेल्या, कारण लहान मुलं आपसूक लवकर झोपतात आणि लवकर उठतात.

महाराष्ट्राने नेमकं उलट केलं आहे. नऊ वाजता लहानांना दिलं आणि ज्यांचं शरीरच पहाटे उठायला तयार नसतं त्या नववी-दहावीच्या मुलांना काहीच नाही. ज्या शाळांत माध्यमिक सकाळी सातला भरतं, तिथे मी आधी ती मुलं वाचवेन.

दोन_डबे

हे पटलं. माझी भाची दहावीला आहे, पाचला क्लास, सातला शाळा. तिच्या डोळ्यांकडे बघवत नाही.

कोवळं_ऊन

समुद्रापार, विज्ञान बरोबर मांडलंत. पण तिथले आठ आणि आपले सात यांत एक तास आहे, आणि शहरातल्या व्हॅनचा पाऊण तास वेगळा. पहिल्या थांब्यावरचं मूल सगळ्यात आधी उठतं. लहान मुलं लवकर उठतात म्हणजे साडेसहाला उठतात. पावणेसहाला त्यांना उठवावं लागतं.

पांढरा_खडू

मग आठवर या. प्राथमिक ८ ते १२.१५, माध्यमिक १२.४५. इमारतीला परवडतं, पोराला तास मिळतो, दोन_डबे यांना साडेसातला व्हॅन मिळते. आमच्या मुख्याध्यापिकांपुढे मी हे मांडायला तयार आहे.

मधली_सुट्टी (ठाणे)

साडेसातच्या व्हॅनने दोन_डबे यांची अडचण सुटत नाही, त्यांचे हे सव्वासातला निघतात आणि त्यांना ७.४८ ची लोकल गाठायची असते. आणि शासन निर्णय नऊ म्हणतो. पालकांनीच आठ मागितलं तर शाळेला सवलतीचा अर्ज करणं सोपं होईल आणि पुढच्या वर्षी पुन्हा सात. आम्ही काही पालक नऊसाठीच लेखी अर्ज देतो आहोत, पालक-शिक्षक संघामार्फत. जूनमध्ये देऊ, वर्ष सुरू होताना.

पांढरा_खडू

नऊ मागा, माझा विरोध कायम आहे. पण जूनमध्ये देऊ नका. तोवर वेळापत्रक, शिक्षकांच्या पाळ्या आणि बसचे करार होऊन गेलेले असतात. जानेवारीत द्या. अर्जात तीन गोष्टी लेखी मागा: बारा ते दोन या वेळात किती वर्ग रिकामे असतात, पहिल्या थांब्यावरची व्हॅन किती वाजता निघते, आणि वेळ न बदलण्याची परवानगी शाळेने घेतली आहे का, घेतली असेल तर तिची प्रत. आणि सकाळी साडेसातपासून मुलांना शाळेतच बसवून घेणारी एखादी खोली आणि एक ताई मिळेल का, हेही त्यातच विचारा, नोकरदार पालकांसाठी.

दोन_डबे

साडेसात नाही, सातपासून. अशी खोली मिळाली तर अर्जावर माझीही सही घ्या.