शुक्रवार रात्र ते सोमवार सकाळ: कोल्हापूर, पंढरपूर, तुळजापूर जमेल का?

प्रश्न: आई ७६ वर्षांची, गुडघे दुखरे. मुंबईहून निघून सोमवारी कामावर हजर व्हायचंय. गाडी करायची नाही, तिला रेल्वेची खिडकी हवी.

उत्तर: जमतं. महालक्ष्मी एक्सप्रेसने कोल्हापूर. अंबाबाईचं दर्शन झालं की एसटीने पंढरपूर, मुक्काम तिथेच. रविवारी पहाटे विठोबा, मग सोलापूरमार्गे तुळजापूर. परत सोलापूरला येऊन रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस. दोन्ही गाड्यांत खालचा बर्थ आधी पक्का करा, बाकीचं नंतर. एकादशी, नवरात्र टाळाच.

उत्तर: पंचाहत्तरीनंतर एसटी मोफत, आधार कार्ड जवळ ठेवा. पंढरपुरात मुखदर्शन घ्या, पदस्पर्शाची रांग आईंना झेपणार नाही. तुळजापूरला बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात, सावकाश न्या.

प्रश्नकर्ता: मुखदर्शनाला आई तयार आहे. तुळजापूरच्या पायऱ्या मात्र उतरणारच म्हणते, कुलदेवी आहे.