तोफा त्या काळच्याच हव्यात की नुसत्या तोफेसारख्या दिसल्या तरी पुरे?

सुतारपक्षी
व्हिक्टरी या ब्रिटिश युद्धनौकेचं १:७२ मॉडेल तीन वर्षं चालू आहे. फळ्या ठोकून झाल्या, आता तोफांशी येऊन अडलोय. किटात पितळी नळ्या आल्यात, दोनच मापांच्या. शिवाय प्रत्येकीच्या पाठीवर उचलायच्या दोन कड्या, ज्यांना डॉल्फिन म्हणतात. ते बघून माझं डोकं फिरलं. या कड्या ब्राँझच्या तोफांना असायच्या. १८०५ साली ट्रफाल्गरच्या लढाईत व्हिक्टरीवर बिडाच्या तोफा होत्या. काळा रंग फासून बीड म्हणायचं आणि पाठीवर ब्राँझची खूण तशीच ठेवायची, हे मला जमणार नाही.

ट्रफाल्गरच्या वेळचा हिशोब असा. खालच्या डेकवर ३२ पौंडी (म्हणजे ३२ पौंड वजनाचा गोळा फेकणाऱ्या) ३०, मधल्यावर २४ पौंडी २८, वरच्यावर १२ पौंडी ३०. मागच्या उंच डेकवर आखूड १२ पौंडी १२. पुढच्या टोकाला, नाळेकडे, मध्यम १२ पौंडी २ आणि ६८ पौंडी कॅरोनेड २. एकूण १०४. किटात कॅरोनेडच्या जागी त्याच नळ्या बसवायला सांगितल्यात! कॅरोनेड म्हणजे आखूड, जाड, बसकी तोफ. लढाईत व्हिक्टरीच्या डाव्या कॅरोनेडने बुसांतोर या फ्रेंच जहाजाच्या पिछाडीत गोळ्याबरोबर ५०० बंदुकीच्या गोळ्यांचं पिंप रिकामं केलं. ती तोफ काढून तिथे काडी लावायची?

माझं मत ठाम आहे. तोफा चुकल्या की उरतो तो शोपीस, युद्धनौका नाही. पेटी परत पाठवून सगळ्या १०४ बदलणार.

भरतीओहोटी
बदला, पण बाकीच्यांच्या मॉडेलांना शोपीस म्हणू नका.

१७व्या-१८व्या शतकात गोदीतल्या कारागिरांनी अशाच जहाजांची मॉडेलं केली. त्यातल्या कितीतरी मॉडेलांवर तोफाच नाहीत. तोफांच्या खिडक्या आहेत, पण आत पोकळी. ज्यांनी खऱ्या तोफा रोज पाहिल्या त्यांचं त्यावाचून काही अडलं नाही. आणि खुद्द व्हिक्टरीवर आज ज्या तोफा दिसतात त्यातल्या बहुतेक फायबरग्लासच्या आहेत, सांगाड्यावर भार नको म्हणून. मग तुमचं पितळ तर फारच इमानदार म्हणायचं.

आता माप. ३२ पौंडीचं तोंड साधारण १६३ मिमी, २४ पौंडीचं १४८. ७२ने भागा. २.२६ आणि २.०६. दोन दशांश मिलिमीटरसाठी तुम्ही पेटी परत पाठवणार? लांबी तर दोघींची सारखीच, साडेनऊ फूट.

पंचधातू
भरतीओहोटी, गणित बरोबर आहे, पण १२ पौंडी सोडून दिलीत. तिचं तोंड ११७ मिमी, म्हणजे मॉडेलवर १.६. त्यात वरच्या डेकच्या तोफा उघड्यावर असतात. तिथे ३२ पौंडीच्या जाडीची नळी बसवली की जहाज वरून जड दिसतं. लोकांना कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं.

सुतारपक्षी, तुमच्याशी मी सहमत आहे, फक्त क्रम उलटा लावा. आधी वर्ष ठरवा. व्हिक्टरी पाण्यात उतरली १७६५ला, ट्रफाल्गर त्यानंतर ४० वर्षांनी. कॅरोनेड ब्रिटिश नौदलात आली १७७९मध्ये. ब्लोमफील्डच्या आराखड्याच्या तोफांना नळीच्या मागच्या टोकाच्या गोळ्यावर, तोफेचा धक्का रोखणारा दोर ओवायची कडी असते. ती १७८०च्या दशकाच्या शेवटाकडे येऊ लागते. त्याआधीच्या आर्मस्ट्राँग पद्धतीच्या तोफांना कडी नाही, दोर मागच्या गोळ्याच्या मानेभोवतीच फिरतो. म्हणजे ‘व्हिक्टरीची अचूक तोफ’ असं काही नसतंच. अमुक वर्षाची व्हिक्टरी असते.

एक बाजूची गोष्ट: १७७०मध्ये कॅप्टन कुकचं जहाज एंडेव्हर प्रवाळावर अडकलं तेव्हा त्याने ६ तोफा समुद्रात टाकल्या, त्या १९६९मध्ये सापडल्या. ते जहाज करणाऱ्यांची चैन आहे. चार पौंडी तोफ नक्की कशी होती यावर त्यांना भांडताच येत नाही.

नवखा खलाशी
मधेच विचारतो, माफ करा. माझं मॉडेल वासा या स्वीडिश युद्धनौकेचं आहे. तोफा काळ्या कराव्यात का? पितळ लखलखीत फार खेळण्यासारखं वाटतं.

पंचधातू
अजिबात नको! वासा १६२८ला बुडाली ती ६४ ब्राँझच्या तोफांसकट. तुमच्याकडे डॉल्फिनही शोभतील. ब्राँझ पितळेपेक्षा तांबूस असतं, म्हणून चमक मारून किंचित तपकिरी छटा द्या. काळा रंग बिडाला, कारण ते गंजतं.

लेथवाला
सगळे नळीवरच अडकलेत. मी १५ वर्षं लाकूड आणि पितळ कातलंय, माझ्या अनुभवात मॉडेल बिघडवतो तो तोफेखालचा चाकांचा गाडा.

एक, पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठी असतात. डेक मधे उंच आणि कडेला उतरता, त्यामुळे नळी आडवी राहावी म्हणून. किटात चारही सारखी येतात, मग तोफा समुद्रात डोकावतात. दोन, ट्रनियन, म्हणजे नळीला दोन बाजूंनी फुटलेले दांडे. जुन्या तोफांत ते मधल्या रेषेच्या खाली असतात. ते मधोमध लावले की नळी बसते खाली आणि तोंड खिडकीच्या चौकटीला टेकतं. एक गाडा तयार करून खिडकीत लावून बघा. तोंड मधोमध येत नसेल तर पुढचे १०३ करू नका.

डॉल्फिनचं म्हणाल तर बारीक कानशीने अर्ध्या मिनिटात जातात. पेटी परत कशाला करायची? तोंड मात्र ड्रिलने योग्य मापाचं करून घ्या. बंद किंवा बारीक तोंडाची तोफ दुरूनही बटणासारखी दिसते.

आणि गच्च काळा रंग नको. एवढ्या लहान वस्तूवर तो भोकासारखा दिसतो. गडद राखाडी घ्या.

भरतीओहोटी
लेथवाले बोलले ते पटलं, कारण ते दिसतं. माझा राग ‘सगळ्या १०४’वर आहे.

खरं सांगतो. माझं एक फ्रिगेट, म्हणजे लहान युद्धनौका, कपाटावर ६ वर्षं पडून आहे. फ्रेंच जहाज. वाचता वाचता कळलं की फ्रेंच तोफेचा दोर गाड्याच्या बाजूच्या फळ्यांतल्या भोकांतून जातो, आणि त्यांचा पौंडही इंग्रजी पौंडापेक्षा जड, त्यामुळे फ्रेंच ३६ पौंडी म्हणजे इंग्रजी जवळपास ३९. मी इंग्रजी तक्ता वापरून नळ्या मागवल्या होत्या. सगळं काढलं. परत लावायचा उत्साह आलाच नाही. शिडं नाहीत, डोलकाठ्या नाहीत, फक्त माझं ज्ञान वाढलं.

सुतारपक्षी
हे वाचून जरा गप्प बसलो. शोपीस शब्द मागे घेतो.

तरी कॅरोनेडवर मी हटणार नाही. त्या दोन नवीन करणार, गाड्याऐवजी सरकत्या पाटासकट. उघड्या डेकच्या १२ पौंडी बदलणार. खालच्या दोन डेकांवर पेटीतल्याच नळ्या, डॉल्फिन घासून, तोंड वाढवून. तिथे दोर-कप्प्या मात्र नाही लावणार. एका तोफेला दोन बाजूंच्या मिळून ४ कप्प्या धरल्या तरी १०४ तोफांच्या ४१६ होतात, आणि त्यातल्या बहुतेक डेकखाली अंधारात.

पंचधातू
ठरलं की नाही? मग गाड्यांना पिवळी माती, ट्रफाल्गरच्या काळाला तोच रंग. लाल करू नका.

सुतारपक्षी
लाल डबा उघडून बसलोय... बरं झालं सांगितलंत.

लेथवाले, ३२ पौंडीसाठी २.२चं ड्रिल बिट नाहीये. २.३ चालेल का?

लेथवाला
चालेल. २.५ नको, कडा पातळ होते.

भरतीओहोटी
म्हणजे दोन दशांश मिलिमीटर मोजायचे नाहीत असं मी म्हणत होतो तेव्हा कुठे होतात?

लेथवाला
तुमच्याच कपाटावरचं फ्रिगेट आठवत होतो. फोटो टाका, दोर फळीतून ओवायला सोपी युक्ती आहे. गाडे सुटे केलेत की चिकटलेले आहेत?