एकच जागा, तीच वही : बसून बघणाऱ्यांचे अनुभव

सहलीला, अभयारण्यात, घाटात जाऊन काढलेली चित्रं आपण एकमेकांना नेहमी दाखवतो. हा धागा एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन बसणाऱ्यांसाठी आहे. तळ्याचा काठ, गच्ची, खिडकी, विहिरीचा कट्टा, ऑफिसच्या मागचं पार्किंग, काहीही चालेल. तिथून जे दिसतं ते वहीत उतरवायचं. चित्रकला शिकलेलं असण्याची अट नाही.

सुरुवात मी करते. माझी जागा पुण्यात, पाषाण तलावाच्या काठावर. पहिली काही मिनिटं पेन्सिल हातात घ्यायची नाही, हा माझा नियम. आपण येऊन बसलो की पाण्यातल्या टिबुकल्या बुडी मारतात, काठावरची ढोकरी (छोटा बगळा) मान आखडून घेते. त्यांचं काम पुन्हा सुरू होईपर्यंत थांबायचं. मग पानाच्या कोपऱ्यात तारीख, वेळ, वारा, आकाश. त्यानंतर चित्र.

या बसण्यातून मला पक्ष्यांची ढब कळायला लागली, आणि ती मला रंगांपेक्षा मोलाची वाटते. थंडीच्या सुरुवातीला धोबी पक्षी येतो, काठावरचा तुतवार पक्षीही असतो. सकाळच्या उजेडाविरुद्ध दोघांच्या फक्त काळ्या आकृत्या दिसतात. पण धोबी शेपटी हलवतो आणि तुतवार पाठीमागचा सगळा भागच खाली-वर करत राहतो. हे मी वाचलेलं होतं. हाताला कळलं ते रेघ ओढताना, कारण एकाची हालचाल कमरेच्या मागे सुरू होते आणि दुसऱ्याची जवळजवळ छातीपासून.

तुमची जागा कुठली, तिथे काय बदलताना पाहिलंत, आणि काढायला बसल्यामुळे असं काय दिसलं जे एरवी निसटलं असतं? सविस्तर लिहा.

ऐरोली, ठाणे खाडी

ताई, विषय जिव्हाळ्याचा काढलात. माझी जागा खाडीकाठी आहे आणि तिथे ठरलेल्या वेळेला गेलं तर ठरलेलं काहीच दिसत नाही. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी सातला चिखल उघडा असेल, तर आठवड्यानं त्याच वेळी तिवरांच्या बुंध्यापर्यंत पाणी असतं. आमच्याकडचे जुने लोक तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, दुपारी आणि रात्रीही. अष्टमीला सहा. मी तारखेशेजारी तिथी लिहायला लागल्यावर जुनी पानं एकमेकांशी बोलायला लागली. अष्टमीच्या पानांत पाण्याची चढउतार बेताची. अमावास्या-पौर्णिमेच्या पानांत एकदा चिखल लांबवर उघडा आणि काही तासांत तिवराची वर आलेली श्वसनमुळं पार बुडालेली.

खाडीचा हा पट्टा २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहितांसाठी, म्हणजे फ्लेमिंगोंसाठी, खूप लोक येतात. रोहित काढणाऱ्यांना एक सांगतो: पायाच्या मध्यावर मागे वळलेला दिसतो तो गुडघा नाही, घोटा आहे. गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. एवढं लक्षात ठेवलं की पक्षी कागदावर नीट उभा राहतो. करडी दिसतात ती पिल्लं. गुलाबी रंग खाण्यातून येतो, त्यामुळे तो चढायला वेळ लागतो.

पण माझी बहुतेक पानं निवट्यांची आहेत. चिखलावर पुढच्या परांनी ढकलत चालणारा हा मासा. डोळे डोक्यावर उभे. काढत असताना मध्येच एक डोळा गायब झाला. मी थांबलो, तर तो परत वर आला, मग दुसरा गेला. निवटी डोळा आत खोबणीत ओढून ओला करून घेते. पाण्याबाहेर राहायचं तर डोळा सुकून चालणार नाही. हे मला पेन्सिल डोळ्याच्या गोलावर असतानाच दिसलं. तिवराचं पान तर नक्की हातात घेऊन बघा. कोरड्या दिवशी त्यावर मिठाचे बारीक कण असतात, जिभेला लावलं तर खारट लागतं. पानाची खालची बाजू फिकट, रुपेरी. वारा आला की सगळं झाड रंग बदलतं, आणि ते जलरंगात पकडायला मी अजून धडपडतो आहे.

परभणी जिल्हा

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. शाळेमागं विहीर आहे आणि विहिरीवर वाकलेली बाभूळ. पावसाळा लागला की सुगरणी येतात. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा पोरांना घेऊन कठड्यापासून लांब, कडुलिंबाखाली बसतो. प्रत्येकानं एक खोपा निवडायचा, त्याला नंबर द्यायचा आणि पावसाळाभर तोच काढायचा.

पहिल्या पानावर फांदीला गुंडाळलेल्या गवताच्या पात्या आणि खाली एक कडी, एवढंच असतं. पुढच्या खेपेला कडीच्या एका अंगाला अंडी राहतील अशी टोपी होते. इथं येऊन नर थांबतो, पंख फडफडवतो, ओरडतो. मादी येते, कडीवर बसते, वीण चोचीनं ओढून बघते. पसंत पडलं तर नर पुढं काम चालू करतो, दुसऱ्या अंगानं खाली लोंबणारी नळी विणतो. नाही पडलं तर खोपा तसाच टांगून राहतो. आत भिंतीला ओल्या मातीचे गोळे लावलेले असतात, हे आम्हाला खाली पडलेला एक खोपा उघडल्यावर दिसलं. एक खोपा मार्गी लागला की तोच नर शेजारी दुसरा सुरू करतो. "सर, मग पिल्लांना खायला कोण घालतंय?" असं एका पोरीनं विचारलं. पुढचे शनिवार तिनं फक्त कोण चोचीत काय घेऊन येतं ते लिहून काढलं. बहुतेक वेळा मादीच.

आता चित्रामुळं काय दिसलं ते सांगतो. पोरांकडं तेलखडू असतात. ताज्या पात्या हिरव्या असतात, जुन्या पिवळ्या, मग तपकिरी. पोरांनी खरा रंग भरला की एकाच खोप्यात आठवड्याआठवड्याचं काम वेगळं दिसतं: वर तपकिरी, मधी पिवळा, नळीचं टोक हिरवंगार. मी इतकी वर्षं विहिरीवरनं जातोय, माझ्या ध्यानात आलं नव्हतं. एका पोरानं वरून दिसतो तसा झाडाचा नकाशा काढून खोपे मांडले. सगळे नाहीत, पण बरेचसे पूर्वेच्या अंगाला. पावसाचं वारं येतं नैर्ऋत्येकडून, म्हणजे खोपे वाऱ्याच्या आडोशाला. पक्षी अभ्यासकांनीही हे नोंदवलेलं आहे, पण पोरानं ते आपल्या वहीतून काढलं याचं मला फार कौतुक वाटलं.

एका मुलीचा खोपा अर्धाच राहिला. खोपा बदलून घे म्हणालो, ती नाही म्हणाली. बाकीच्यांचे खोपे वाढत होते आणि ती तोच अर्धा खोपा काढत होती: गवत वाळलं, एक कडा सुटली, मग वाऱ्यात कडी फाटली. तिच्या वहीतली ती पानं मी शाळेच्या भिंतीवर लावली आहेत.

नागपूर

माझी जागा म्हणजे खिडकीसमोरची काटेसावर. फेब्रुवारीत पान एकही नाही आणि सगळं झाड लाल. एका फुलावर कोण कोण येतं तेवढंच मी काढतो: साळुंकी, बुलबुल, कोतवाल, खार. मे महिन्यात शेंगा फुटून कापूस उडायला लागला की खिडकी लावून काचेतून काढतो. सरांच्या पोरांना शाबासकी सांगा.

डोंबिवली

आईच्या आजारपणामुळे मला फार बाहेर पडता येत नाही. तिच्या खाटेशेजारची खिडकी, खिडकीबाहेर देशी बदामाचं झाड. सुरुवातीला मी पूर्ण झाड काढायचे. फांद्या मजल्यामजल्यांनी आडव्या जातात, काढायला सोपं. मग मी एका पानावर आले. दर आठवड्याला खाली पडलेलं एकच पान उचलून आणायचं, त्याच्याशेजारी जलरंगाच्या चौकटी रंगवून त्याचे रंग जुळवायचे. हिरव्यातून पिवळा, मग नारिंगी, मग असा लाल की ट्यूबमधला कुठलाच लाल पुरत नाही. त्यात थोडा निळा घालावा लागतो. हे झाड वर्षातून दोनदा पानं गाळतं. माझ्या वहीत हा लाल रंग दोनदा येतो आणि दोन्ही वेळचा सारखा नसतो. पावसाळ्यातला मळकट, हिवाळ्याअखेरचा झळझळीत.

सीझनवॉच नावाच्या उपक्रमाबद्दल इथे सांगायलाच हवं. एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला त्याची पालवी, फुलं, फळं किती आहेत ते नोंदवायचं. मी चित्र झालं की ती नोंद करते. देशभरातल्या अशा नोंदींमधून झाडांची वेळापत्रकं बदलताहेत का ते तपासता येतं. घरात अडकलेल्या माणसालाही हे काम करता येतं, म्हणून आवर्जून लिहिलं. आई आता रात्री वटवाघळं बदाम खायला आली की मला हाक मारते.

कोल्हापूर

माझी जागा गच्ची आणि माझा विषय मावळतीची रेघ. पश्चिमेची डोंगररेघ एकदाच नीट काढून घेतली, झाडं, टाक्या, टॉवर सगळं. तिच्या छायाप्रती काढल्या. सूर्य जिथं टेकतो तिथं खूण करून तारीख घालायची. डिसेंबरच्या अखेरीला खूण पार डावीकडं, मग ती उजवीकडं चालायला लागते. आपल्या अक्षांशावर दोन टोकांत जवळजवळ ५० अंशांचं अंतर पडतं. मार्च आणि सप्टेंबरच्या सुमाराला खुणा लांब लांब पडतात, टोकापाशी एकमेकींवर येतात. उत्तरायण-दक्षिणायन शाळेत पाठ केलं होतं, इथं ते दिसलं. जून ते ऑगस्ट ढग असतात, तेवढी रेघ कोरीच राहते.

आता मुद्दा असा. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव वर्षातून दोनदा होतो, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. देवीचं तोंड पश्चिमेला, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन मूर्तीपर्यंत पोचतात. माझ्या रेघेवर नोव्हेंबरची खूण आणि फेब्रुवारीची खूण एकाच ठिकाणी पडतात. सूर्य डावीकडं जाताना एकदा आणि परत येताना एकदा त्याच जागेवरून मावळतो. ज्यांनी देऊळ उभारलं त्यांना आपलं क्षितिज किती जवळून ठाऊक असेल! हे बघायचं असेल तर चित्रकला लागत नाही, एक रेघ पुरते. मावळताना अगदी शेवटच्या क्षणीच बघा, त्याआधी सूर्याकडं थेट बघू नका.

दिवाडी, गोवा

ऐरोलीच्या दादांचं वाचून लिहितेय. आमच्या खाजन शेतांच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांच्या, बांधावर मानस असते, म्हणजे लाकडी दारांची झडप. भरतीचं पाणी आत लोटायला लागलं की दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ढकलून ती उघडतात. मी मानशीजवळ बसते. दारं उघडायच्या बेताला खंड्या येऊन बसतो, कारण पाण्याबरोबर मासळी बाहेर येते. मी भरतीचं वेळापत्रक बघते, तो कसला अंदाज घेतो ते शोधणं चाललंय.

टोरंटो

इथली माझी जागा घराजवळच्या बागेतलं बाक. हिवाळ्यात जलरंग ब्रशवरच गोठतात, म्हणून चार महिने फक्त पेन्सिल आणि बोटं उघडी असलेले हातमोजे. पुण्याहून आले तेव्हा मला वाटायचं, पानं गेली की काढायला काही उरत नाही. उलट तेव्हाच झाडाचा सांगाडा कळतो. मॅपलच्या फांद्या समोरासमोर जोडीनं फुटतात, ओकच्या आळीपाळीनं. आणि पुढच्या वसंताच्या कळ्या भर बर्फात फांदीवर तयार असतात, घट्ट मिटलेल्या. मी एकाच फांदीच्या टोकाची कळी काढत राहिले, आणि ती कधी फुगायला लागली ते मला घरातल्या कुणाच्याही आधी कळलं.

एक विचारते: तुम्ही लोक पावसाळ्यात कागदाचं काय करता? जुलैत आले की माझी वही दमट होते आणि रंग पसरतात.

पाषाण

पावसाळ्यात मी जलरंग घरी ठेवते. जाड हातकागदाचे सुटे तुकडे, पाठीशी पुठ्ठा, वर दोन चिमटे आणि बॉलपेन. बॉलपेनची शाई दमट कागदावरही जागा सोडत नाही. पेन्सिल हवी असेल तर २बी घ्या, कठीण पेन्सिलीनं ओलसर कागद खरवडतो. रंगांची नावं चित्रावर शब्दांत लिहून ठेवते आणि घरी कागद वर्तमानपत्रात दाबून सुकवला की रंगवते. वहीच वापरायची असेल तर दोन पानांमध्ये टिपकागद ठेवा.

सर, पोरांनी काढलेला तो खोप्यांचा नकाशा आणि अर्ध्या खोप्याची पानं इथे टाकता येतील का? मुलांची नावं नकोत, फक्त चित्रं.