मदत हवी आहे: अल्सरेटिव्ह कोलायटिस, आहे ते औषध घ्यावं की नव्यासाठी थांबावं?

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या दिराला (वय २९) सहा वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा) आहे. मेसालामिन, अझाथायोप्रिन ही नेहमीची औषधं करून झाली. यंदा स्टिरॉइडचा तिसरा कोर्स. दर वेळी तेच: ४० मिलिग्रॅमपासून आठवड्याला ५ ने उतरायचं, १० वर आलं की पुन्हा रक्त. चेहरा गरगरीत सुजलाय. डोंबिवली ते दादर कुठल्या फलाटावर शौचालय आहे आणि त्यातलं कोणतं कुलूपबंद असतं, हे त्याला पाठ आहे. ऑफिसच्या दिवशी दुपारपर्यंत पोटात पाण्याशिवाय काही नाही.

डॉक्टरांनी आता दोन पर्याय दिलेत: सलाइनमधून इन्फ्लिक्सिमॅब किंवा टोफासिटिनिबच्या गोळ्या. गोळ्यांचं जेनेरिक मिळतं, त्यामुळे खर्च झेपेल. पण २०२१ साली अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) या गोळ्यांबद्दल हृदयविकार आणि रक्ताच्या गुठळ्यांचा इशारा दिला, तो वाचून हा हादरलाय. तो अभ्यास संधिवाताच्या, पन्नाशीपुढच्या आणि हृदयविकाराचा धोका आधीच असलेल्या रुग्णांवर होता, हे डॉक्टरांनी समजावलं. ऐकतो कोण!

त्याचं म्हणणं, "वहिनी, दोनेक वर्षं कळ काढू, टीएल१ए वालं औषध येईल." (टीएल१ए हे सूज वाढवणारं प्रथिन, त्याला अडवणारं औषध.) ट्युलिसोकिबार्ट नावाच्या अशाच एका औषधाच्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत १२ आठवड्यांनी २६ टक्के रुग्णांचा आजार शमला, प्लासिबोवाल्यांत (औषध नसलेली नकली मात्रा घेतलेल्यांत) १ टक्का. हा निकाल २०२४ मध्ये छापून आला. तो त्या २६ वर खूश आहे, मला उरलेले ७४ दिसतात. आणि स्टिरॉइडवर दोन वर्षं काढायची म्हणजे हाडांचं काय?

त्यात इग्रा (सुप्त टीबीची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली; ही औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणून सुप्त टीबी जागा व्हायची भीती. एक्स-रे स्वच्छ आहे, पण सासऱ्यांना पूर्वी टीबी झाला होता आणि आम्ही सगळे एकाच घरात. रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाने स्टिरॉइडचा आणि टोफाचाही असर कमी होतो म्हणून त्याऐवजी आयसोनियाझिड सुरू केलंय. किमान महिनाभर ते घेतल्यावर बायोलॉजिकचा (इन्फ्लिक्सिमॅबसारख्या जैविक औषधाचा) विचार. या महिन्यातच त्याने "चाचणीत नाव घालतो"चा हट्ट धरलाय.

सुप्त टीबीची औषधं चालू असताना इन्फ्लिक्सिमॅब घेतलेलं कुणी आहे का? कसं गेलं? वेडोलिझुमॅब हे दुसरं बायोलॉजिक मुख्यतः आतड्यापुरतंच काम करतं, मग टीबीची भीती कमी, असं वाचलं. ते कुणी घेतंय का, आणि महिन्याला किती पडतं? सीटीआरआयच्या (भारतातल्या औषध-चाचण्यांच्या) नोंदणीत शोधून चाचणीत गेलेलं कुणी असेल तर हेही सांगा: प्लासिबो वाट्याला आला आणि मध्येच रक्त वाढलं, तर बाहेर काढून लगेच दुसरं औषध देतात का?

अवांतर: कुड्याची साल, डाळिंबाची सालं, ताक हे सगळं सासूबाईंनी करून पाहिलंय. कृपया ते सुचवू नका.

पुढची अपॉइंटमेंट १२ तारखेला आहे, त्याआधी कळलं तर बरं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.