मदत हवी आहे : होडीच्या गणितात पडताळा जुळतो, पण उत्तर चुकतं

खाडीकर :
नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे. मी दाभोळच्या खाडीत होडी चालवतो. शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या खेपेला, त्यामुळे तिच्या गणितापुढे हात टेकलेत. गणित असं आहे :

एक होडी प्रवाहाच्या दिशेने एका गावाहून दुसऱ्या गावी २ तासांत जाते. परत येताना प्रवाहाविरुद्ध तिला २ तास ३० मिनिटे लागतात. प्रवाहाचा वेग ताशी १ किमी असल्यास दोन गावांमधील अंतर काढा.

तिने संथ पाण्यातला होडीचा वेग क्ष मानला. जाताना क्ष + १, येताना क्ष − १. गावं काही हलत नाहीत, म्हणून जातानाचं नि येतानाचं अंतर सारखं :

२(क्ष + १) = २.३०(क्ष − १)

यातून क्ष आला १४.३३ आणि अंतर ३०.६६ किमी. गाईडात मागे २० किमी दिलंय. पडताळा घेतला तर जुळतो! १५.३३ × २ केलं तरी ३०.६६ आणि १३.३३ × २.३ केलं तरी ३०.६६. मग चूक कोणाची, गाईडाची की आमची?

आणि पोरगी मूळ प्रश्नावरच अडून बसलीय. "बाबा, पाण्याविरुद्ध यायचंच कशाला? पाणी फिरलं की निघायचं ना." यावर मी काय बोलणार? मी स्वतः भरतीबरोबर आत जातो आणि सुकती लागली की बाहेर येतो.

निवृत्त मास्तर :
खाडीकर, गाईड बरोबर आहे. समीकरणाची मांडणीही बरोबर आहे, त्यासाठी मुलीची पाठ थोपटा. घात केलाय त्या २.३० ने. घड्याळात २.३० म्हणजे अडीच, पण दशांशात २.३० म्हणजे २ तास आणि वरचे ३ दशांश तास, म्हणजे १८ मिनिटंच. होडी १२ मिनिटं लवकर पोचवलीत तुम्ही! आता २.५ घालून बघा :

२क्ष + २ = २.५क्ष − २.५
४.५ = ०.५क्ष
क्ष = ९

जाताना १० × २ = २०, येताना ८ × २.५ = २०.

पडताळा जुळला कारण त्यातही तुम्ही तोच चुकीचा आकडा घातलात. खोट्या मापाने दोनदा मोजलं तर दोन्हीदा सारखंच भरणार. पडताळा नेहमी मूळ प्रश्नातल्या शब्दांवरून घ्यायचा : ताशी १३.३३ किमीने अडीच तासांत किती? ३३ किमीच्या वर. तिथेच बिंग फुटलं असतं. चाळीस वर्षं शिकवलं, दर वर्षी निम्मा वर्ग याच दगडावर आपटायचा.

सुकी मासळी :
मास्तरांचं झाल्यावर माझं एक शेपूट. अंतरच विचारलंय तर अंतरच क्ष माना की. जातानाचा वेग क्ष/२, येतानाचा क्ष/२.५. या दोघांतला फरक म्हणजे प्रवाहाची दुप्पट, एकदा ढकलतो आणि एकदा अडवतो म्हणून. क्ष/२ − क्ष/२.५ = २, म्हणजे क्ष/१० = २, क्ष = २०. एका ओळीत काम.

राहता राहिली पोरीची हरकत, ती शंभर टक्के रास्त आहे :) तिला सांगा, पुस्तकातली नदी घाटावरची आहे, तिथलं पाणी दिवसभर एकाच दिशेने एकाच वेगाने जातं. आपल्या खाडीचं पाणी सव्वासहा तासांच्या आसपास फिरतं, मधल्या वेळेला जोर धरतं आणि फिरताना थबकतं. उधाणाला तर विचारूच नका. तसं गणित नववीला घातलं तर पोरं शाळा सोडतील.

चाकरमानी :
दादा, ताईला सरावाला एक घ्या. मुंबईहून येताना रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटर. गाडी ५०० मीटर लांब, वेग ताशी ७० किमी. इंजिन आत शिरल्यापासून शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंत वेळ किती? गाडीची लांबी मिळवायला विसरू नको म्हणावं. पावसाळ्यात कोकण रेल्वे वेग कमी करते, तेव्हा वेगळा वेग घालून पुन्हा करा.

खाडीकर :
मास्तर, पाया पडतो. २.५ घातल्यावर झटक्यात आलं. माझी पण लाज वाटली, अडीच तासांचं भाडं सांगताना मी कधी चुकत नाही.

बोगद्याचं तिने आल्या आल्या केलं. ६.५ मध्ये ०.५ मिळवून ७ किमी, ७ भागिले ७० म्हणजे ०.१ तास, ६ मिनिटं. वर म्हणते, पण मी डब्यात बसले असेन तर मला गाडीची लांबी कशाला? माझ्या खिडकीला अंधार साडेसहा किलोमीटरचाच. तो साडेपाच मिनिटांच्या जरासा वर. हे बरोबर ना?

शेवटची एक शंका. १ तास २० मिनिटं कशी लिहायची? भागाकार १.३३३ करत संपतच नाही.

निवृत्त मास्तर :
खिडकीचं अगदी बरोबर. २० मिनिटं म्हणजे तासाचा तिसरा हिस्सा, म्हणून ४/३ लिही आणि शेवटपर्यंत ४/३ च ठेव. दशांश करूच नको.