खिडकीतली मेथी
कामाच्या धबडग्यात मुलांबरोबर घरी सहज काय करता येईल, या प्रश्नावर कधी कागदी कंदील सुचवला जातो. तो सुंदरच, परंतु त्यात मोठ्यांचाच वेळ अधिक जातो. मुंबईच्या बाजारात छोट्या जुड्यांनी मिळणारी, वाळूत वाढवलेली समुद्रमेथी आपण खातोच. तशी कोवळी मेथी खिडकीत पेरावी, असे मी आग्रहाने सुचवेन. मूठभर मेथीदाणे रात्री भिजवून, तळाला भोके पाडलेल्या श्रीखंडाच्या डब्यात ओलसर मातीवर दाट पसरावेत व वर मातीचा पातळ थर द्यावा. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात आणि साधारण दोन आठवड्यांत पाने खुडण्याजोगी होतात. पाणी शिंपडण्याचे काम पूर्णपणे मुलांकडेच सोपवावे. पावसाळ्यात मात्र डबा घरात घ्यावा, कारण साचलेल्या पाण्याने मुळे कुजतात.